पित्ताची पिशवी

मालन धुरीला चार वर्षं पित्त होत होतं. होत होतं ते निराळंच, पण सगळे त्याला पित्त म्हणत होते, आणि आपल्या माणसांनी एकदा का एखाद्या दुखण्याला पित्त म्हटलं की पुढे डॉक्टरला विचारतो कोण. वडे खाल्ले, पित्त. उपास घडला, पित्त. उन्हातून आली, पित्त. उजव्या बरगडीखालून कळ निघायची ती थेट पाठीत जायची, घामाने पोलकं भिजायचं, मालन मोरीच्या भिंतीला धरून ओकायची, आणि शेजारच्या रखमाकाकू आमसुलाचं पाणी घेऊन दारात हजर. मालन ते प्यायची आणि म्हणायची, पडलं पित्त, आता बरं वाटतंय. तिचा नवरा जयवंत तर ह्या बाबतीत धन्वंतरीचा अवतार. भिजवलेल्या धण्यांचं पाणी, मोरावळा, थंड दूध, सकाळी उठल्या उठल्या दोन मनुका. चार वर्षं त्याने बायकोवर मनोभावे चुकीचे उपचार केले.

शेवटी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती वाण हातात घेऊन बसलेली असतानाच खाली कोसळली, तेव्हा मुलगी सुचित्रा गिरगावातल्या आपल्या ऑफिसातून टॅक्सी करून आली आणि कुणाला न विचारता आईला सोनोग्राफीला घेऊन गेली. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. एकदोन नाही, मूठभर. पिशवीची भिंत जाड झालेली, आतून आक्रसलेली. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर सबनीस म्हणून सर्जन होते. त्यांनी सांगितलं की पिशवी काढायलाच हवी, आणि इतक्या वर्षांच्या सुजेने ती यकृताला चिकटून बसली असणार, म्हणून आपण रोबोने काढू. सुचित्राच्या ऑफिसच्या विम्यात ते बसत होतं. तिने तिथल्या तिथे हो म्हटलं.

मालनची मात्र रोबो म्हटल्यावर गाळण उडाली. माणसाच्या हाताखाली मरेन, पण यंत्राकडून पोट फाडून घेणार नाही, असं तिने जाहीर केलं. आणि इथे जयवंत कामाला आला.

जयवंतने चौतीस वर्षं गोदीत क्रेन चालवली होती. साठीला निवृत्त झाला, चाळ पाडून तिथे उभ्या राहिलेल्या काळाचौकीच्या इमारतीत अठराव्या मजल्यावर राहायला आला, तरी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो खिडकीत उभा राहायचा आणि कॉटन ग्रीनच्या गोदामांपलीकडे बंदरातल्या क्रेन मोजायचा. डॉक्टरांनी त्याला मोबाइलवर ते यंत्र दाखवलं. चार लांब हात पेशंटवर वाकलेले, आणि सर्जन चार पावलं दूर, एका खोक्यात डोकं घालून, दोन्ही हातांत दोन दांडे धरून बसलेला. जयवंत ते बघतच राहिला. त्याने फक्त एक प्रश्न विचारला, ब्रेक कुठे असतो. डॉक्टर हसले आणि म्हणाले की मी डोकं जरा जरी बाजूला काढलं तरी सगळे हात जागच्या जागी थांबतात. जयवंतने समाधानाने मान डोलवली. आमच्याकडे ही सोय नव्हती, म्हणाला.

घरी येऊन त्याने मालनला जेवणाच्या ताटावर सगळं समजावलं. घरात ते दोघं मालवणीच बोलत, मुलगी आली की मुंबईची मराठी.

"अगो, यंत्राक खयचा डोक्या? डॉक्टर बसान चलयतलो. मी वर केबिनीत बसान वीस टनाचो खोको बोटीतसून उचलून ट्रकार ठेवी, तेव्हा क्रेन ठेवी की मी ठेवी?"

मालनला हे पटलं. नवऱ्याने चौतीस वर्षांत कुणाच्या डोक्यावर काही पाडलं नव्हतं, एवढं तिला माहीत होतं. ती तयार झाली, आणि शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी ती हॉस्पिटलच्या कॉटवर पाय हलवत बसली होती. सुचित्रा खाली विम्याचे कागद करायला गेली होती. मालनने जयवंतला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "माझ्या अंगातला जां काढतले, तां कचऱ्यात जावक देव नकात."

जयवंतला आधी हसू आलं, पण तिचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. मालनचं ह्या बाबतीत एक शास्त्र होतं. तिची स्वतःची नाळ वेंगुर्ल्याजवळ माहेरच्या परसात पुरलेली, ती जागा ती अजून दाखवू शकत असे. सुचित्राच्या वेळी ती बाळंतपणाला गावी गेली होती, म्हणून तिची वारही तिथेच, फणसाखाली. मुलगा राहुल मुंबईत हॉस्पिटलात झाला. त्याची वार कुठे गेली कोण जाणे, आणि म्हणूनच, मालनच्या मते, त्याचा पाय घरात ठरला नाही आणि तो मस्कतला जाऊन बसला. अंगातला तुकडा घाणीत पडला की माणसाचं काहीतरी कायमचं बाहेर राहतं, मग मेल्यावरही जीव ते शोधत फिरतो. असं तिची आजी म्हणायची, आणि आजी म्हणायची म्हणजे विषय संपला. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत मालनने नवऱ्याकडे कधी साडी मागितली नव्हती की दागिना. आता मागितलं ते हे. जयवंतने तिचा हात धरून सांगितलं की मी बघतो, तू काळजी करू नको.

ऑपरेशन दीड तास चाललं. डॉक्टर सबनीस बाहेर आले आणि त्यांनी एका स्टीलच्या ट्रेमध्ये पिशवी दाखवली. करड्या, सुरकुतलेल्या कातड्यासारखं काहीतरी, चिरलेलं, आणि बाजूला ते खडे. सगळी पूर्ण निघाली, रक्तस्राव नाही, उद्या घरी, असं त्यांनी सांगितलं. जयवंतच्या डोळ्यांना धार लागली. माल बोटीतून अखंड निघाला, धक्क्यावर टेकला, कुठे ओरखडा नाही. क्रेनवाल्याला ह्याहून दुसरं सुख नसतं.

सुचित्रा आईजवळ आत गेली. थोड्या वेळाने दीपिका नावाची एक तरुण सिस्टर पिवळ्या झाकणाची बरणी घेऊन आली. बरणीत औषधाच्या पाण्यात ती पिशवी होती. तिने बरणी आणि एक इंग्रजी फॉर्म जयवंतच्या हातात दिला आणि सांगितलं, काका, मागच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर लॅब आहे, तिथे द्या आणि पावती मला आणून द्या. जयवंतने विचारलं, कशासाठी.

"काही नाही काका, रुटीन असतं," ती म्हणाली आणि दुसऱ्या पेशंटकडे धावली.

आता ह्या एका शब्दाने काय केलं ते सांगायला हवं. गोदीत रुटीन म्हणजे न वाचायचा कागद. बोटीतून माल उतरायचा, खाली माल मोजणारा टॅली क्लार्क एक कागद भरायचा, तो दुसऱ्या टेबलावर जायचा, तिसऱ्यावर शिक्का बसायचा, आणि कुठल्याशा कपाटात तो कुजायचा. साहेब म्हणायचे, अरे सही कर, रुटीन आहे. चौतीस वर्षांत रुटीन कागदामुळे काही अडलेलं किंवा सुटलेलं जयवंतने पाहिलं नव्हतं. माल उतरला की क्रेनवाल्याचं काम संपलं. तपासणी हा शब्द त्याला कुणी सांगितला असता, एक तपासणी शब्द, तर तो लॅबच्या खिडकीपुढे रात्रभर रांगेत उभा राहिला असता. कुणी सांगितला नाही. सांगणाऱ्यांचा दोष नाही, त्यांच्या लेखी ते खरोखरच रोजचं होतं.

तरीही तो लॅबपर्यंत गेला, हे त्याच्या बाजूने म्हटलं पाहिजे. खिडकीवरच्या माणसाला त्याने विचारलं की तुमचं काम झालं की उरलेल्याचं काय करता. तो माणूस मान वर न करता म्हणाला, काही दिवस ठेवतो, मग पिवळ्या पिशवीत घालून कचऱ्याच्या गाडीत.

कचरा. नेमका तोच शब्द. जयवंतने खिडकीवर ठेवलेली बरणी परत उचलली. मागचा माणूस पुढे सरकला, आणि जयवंत जिना उतरला तो थेट हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर. टॅक्सीवाल्याला त्याने सांगितलं, भाऊचा धक्का.

दादरची चौपाटी जवळ होती, पण ती त्याच्या मनातच आली नाही. लग्न झाल्यावर मालन मुंबईला आली ती वेंगुर्ल्याहून बोटीने, ह्याच धक्क्यावर. बोट लागून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि धक्क्यावर पाय ठेवताच तिने नवऱ्याच्या नव्या चपलांवर ओकारी काढली होती. त्यांच्या संसाराची सुरुवात ती. तेव्हा ह्या पाण्यात घातलेलं आज ना उद्या तिच्या गावच्या किनाऱ्याला लागेल, असा त्याचा साधा हिशेब. भर दुपार होती. मासळीचा बाजार आवरला होता, पायऱ्या ओल्या होत्या. तो शेवटच्या पायरीवर गेला, झाकण काढलं. औषधाच्या वासाने डोळे झोंबले. मग गावी गाऱ्हाणं घालतात तसं त्याने मोठ्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा समुद्रा म्हाराजा, ही तुझ्यावरसून मुंबैक इलेली. हिच्या अंगातला ह्यां तुझ्या ओटयेत घालतंय. सांभाळून घे, आणि हिका बरी कर रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला मागे उभ्या असलेल्यांनी होकार द्यायचा असतो. इथे मागे कोण असणार? पण वरच्या पायरीवर एक म्हातारा खलाशी जाळं दुरुस्त करत बसला होता, त्याने मान वर न करता सवयीने म्हटलं, "व्हय म्हाराजा." जयवंतला तो शुभशकुन वाटला. त्याने बरणी पाण्यात रिकामी केली, फॉर्म चुरगळून बरणीत कोंबला आणि दोन्ही धक्क्यावरच्या पिंपात टाकून दिलं. संध्याकाळी मालन शुद्धीवर आल्यावर तिच्या कानाशी वाकून त्याने सांगितलं की भाऊच्या धक्क्याला पाण्यात घातलंय, गाऱ्हाणंही घातलंय. ग्लानीतच ती हसली. चाळीस वर्षांत ती त्याच्याकडे बघून अशी हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

सुचित्राने विचारलं, बाबा, सँपल दिलंत ना. दिलं, म्हणाला. दीपिका सिस्टरची ड्यूटी संपली होती, पावती कुणी मागितली नाही. आठ दिवसांनी टाके बघायला गेले तेव्हा डॉक्टर सबनीस दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरने रिपोर्ट विचारला. पुढच्या वेळी आणतो, जयवंत म्हणाला. पुढची वेळ आलीच नाही, कारण मालन ठणठणीत झाली. चार वर्षांनी ती वडे खात होती. कोंबडीची सागोती आणि वडे असं जेवण तिने स्वतः रांधलं, रखमाकाकूंना बोलावून वाढलं आणि वर त्यांना ऐकवलं की माझं पित्त आता समुद्रात आहे. उन्हाळा असा सुखात गेला. त्या सुखाची आठवण पुढे जयवंतला सगळ्यांत जास्त सोसवेनाशी झाली.

गणपतीला सगळे गावी गेले. मोदकांच्या उकडीला हात लावताना मालनची जाऊ म्हणाली, तुझे डोळे हळदीसारखे का गो दिसतात. अंगाला खाज होती, ती मालनने पावसाची खाज म्हणून सोडून दिली होती. विसर्जनाची वाट न बघता सुचित्राने त्यांना मुंबईला आणलं.

स्कॅन झाला. डॉक्टर सबनीस पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी जुनी फाइल मागवली, चाळली आणि विचारलं, पिशवीचा तपासणीचा रिपोर्ट कुठे आहे. खोलीत सुचित्रा होती, जयवंत होता. मालन बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर शोधलं, लॅबला फोन लावला. लॅबने सांगितलं, असं सँपल आमच्याकडे आलेलंच नाही.

मग डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. कधी कधी, फार क्वचित, अशा जुन्या सुजलेल्या पिशवीत कॅन्सर असतो. डोळ्यांना दिसत नाही, ऑपरेशनच्या वेळी कळत नाही, फक्त त्या तपासणीत कळतो. म्हणून प्रत्येक पिशवी तपासायला जाते. तेव्हा कळलं असतं तर आपण महिन्याभरात पुन्हा ऑपरेशनला घेऊन यकृताचा कडेचा भाग आणि आजूबाजूच्या गाठी काढल्या असत्या. सुचित्राने विचारलं, मग आई वाचली असती? डॉक्टर म्हणाले, खात्रीने नाही सांगता येत, पण चांगली संधी होती. आता तो यकृतभर आहे. आता आपण फक्त त्रास कमी करू.

केबिनीत बसलेल्या क्रेनवाल्याला खालून लोक हात वर करून ओरडताना दिसावेत आणि लोखंड हातातून सुटून गेलेलं असावं, तसं जयवंतचं झालं. तो मनाशी तेच तेच म्हणत राहिला, मी मारली, मी माझ्या हाताने मारली.

सुचित्राने हॉस्पिटलवर तक्रार केली. माझ्या आईचं सँपल तुम्ही हरवलंत, असं तिने लेखी दिलं. ती बापाच्या वळणावर गेली होती, एकदा दांडा धरला की सोडायची नाही. चौकशी सुरू झाली आणि ती फिरत फिरत दीपिका सिस्टरवर येऊन थांबली, कारण बरणी ऑपरेशन थिएटरातून बाहेर आल्याची नोंद तिच्या सहीची होती आणि पुढे नोंदच नव्हती.

ते दहा दिवस जयवंतने कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. त्याला शिक्षेची भीती नव्हती. सुचित्राचं तोंड बघायची भीती होती, पण तीही त्याने सोसली असती. त्याला गप्प बसवलं होतं ते निराळ्याच गोष्टीने. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. बरणी पाण्यात का घातली? मालनने सांगितलं म्हणून. आणि हे मालनला कळणार. आपल्या मरणाला आपलाच हट्ट कारण झाला, हे घेऊन ती उरलेले दिवस काढणार. सँपल हरवल्याचं सुचित्राने आईला अजून सांगितलं नव्हतं. तिच्या पोटात काय आहे हे तिला कळलं होतं, ते तिने धीराने घेतलं होतं, देवाची मर्जी म्हणाली होती. ही मर्जी देवाची नव्हती हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

चौकशीला त्याला आणि सुचित्राला बोलावलं. टेबलापलीकडे हॉस्पिटलचे दोन अधिकारी, बाजूला डॉक्टर सबनीस, आणि कोपऱ्यात दीपिका उभी. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. ती जयवंतकडे बघून म्हणाली, काका, मी तुमच्या हातात दिली होती, आठवा ना. सुचित्रा ताडकन म्हणाली की माझे वडील खोटं बोलणारे नाहीत, त्यांनी लॅबमध्ये दिली म्हणजे दिली.

तेव्हा जयवंतला कळलं की गप्प राहिलो तर ही पोर जाते, आणि खरं बोललो तर मालन. तो उठून उभा राहिला. साहेबापुढे उभा राहायचा तसा, हात मागे बांधून.

"सिस्टरची चूक नाही. बरणी माझ्याकडेच होती. वाटेत चहा प्यायला थांबलो, टपरीच्या बाकावर ठेवली आणि विसरलो. परत गेलो तेव्हा नव्हती. सांगायची लाज वाटली."

टपरीवर तो त्या दिवशी गेलाच नव्हता. दीपिका तोंडाला ओढणी लावून हुंदके देत बाहेर गेली. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडून लिहून घेतलं, त्याने सही केली. सुचित्राने बापाकडे बघितलं, आणि ते बघणं असं होतं की त्यापेक्षा तिने चारचौघांत मुस्कटात मारली असती तरी बरं झालं असतं. चहा, एवढंच ती म्हणाली. चहासाठी. घरी येईपर्यंत ती टॅक्सीत पुढे बसली, तो मागे.

घरी आल्या आल्या तिने आईला सांगितलं. तिला राहवलंच नाही. बाबांनी बरणी चहाच्या टपरीवर विसरली, म्हणून रिपोर्ट आला नाही, म्हणून हे सगळं. आणि ती नायगावला आपल्या घरी निघून गेली.

मालन पलंगावर उशांना टेकून बसली होती. हळदीत न्हाल्यासारखी पिवळी, हातांच्या काटक्या. तिने जयवंतला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मग म्हणाली, "तुमी तर सांगलात, पाण्यात घातलंय म्हणान."

इथे तो खरं सांगू शकला असता. तिच्या डोळ्यांत त्याला ते दिसलं, तिला तेच ऐकायचं होतं. हो, घातलं, भाऊच्या धक्क्याला, तुझ्या समुद्रात, गाऱ्हाणं घालून घातलं. ते सांगितलं असतं तर ती क्षणभर सुखावली असती, आणि दुसऱ्या क्षणाला तिला उमगलं असतं की पाण्यात गेलं ते काय होतं आणि कुणाच्या सांगण्यावरून. मालन कमी शिकलेली होती, मूर्ख नव्हती.

"खोटां बोललंय," जयवंत म्हणाला. "तुका बरां वाटाक म्हणान."

"मग तां खय गेलां?"

"टपरीर रवलां. इसारलंय."

"म्हणजे कोणीतरी कचऱ्यात टाकल्यान आसतलां."

जयवंतने मान खाली घातली. कचऱ्यात नाही गं, असं त्याच्या घशापर्यंत आलं होतं. आयुष्यात बायकोसाठी त्याने मनापासून केलेली ती एकच गोष्ट, आणि ती केलीच नाही असं तिच्यासमोर बसून सांगायचं होतं. त्याने सांगितलं. "व्हय. टाकल्यान आसतलां."

मालन रडली नाही, चिडली नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "चाळीस वरसांत तुमच्याकडे येकच गोष्ट मागलंय."

त्यानंतर ती तीन महिने जगली. जयवंतने तिचं सगळं केलं. वेण्या घातल्या, पाठ पुसली, भांडं दिलं, पेज चमच्याने भरवली. ती करू द्यायची. पण पाणी हवं असलं तरी त्याला हाक मारायची नाही, सुचित्रा येईपर्यंत थांबायची किंवा भिंतीवर टिचकी मारून रखमाकाकूंना बोलवायची. रखमाकाकूंना तिने टपरीची गोष्ट सांगितली होती. मजल्यावरच्या बायका जयवंतला लिफ्टमध्ये बघून गप्प होऊ लागल्या. सुचित्रा रोज ऑफिसातून परस्पर यायची, आईशी बोलायची, औषधं बघायची, आणि बापाशी औषधापुरतंच बोलायची. मस्कतहून राहुल आला, आठ दिवस राहिला. त्याने तर विषयच काढला नाही, जाताना पाया मात्र आईच्या एकटीच्या पडला.

जयवंतला कितीदा वाटलं की आता सांगून टाकावं. तिला नाही तर निदान सुचित्राला. एकदा ती स्वयंपाकघरात एकटी असताना तो ओट्यापर्यंत गेलाही. पण पोरगी आईजवळ बसणार, आई तिच्या तोंडावरून ओळखणार. त्या दोघींचं एकमेकींपासून काही लपत नसे. मग त्याने पाण्याचा पेला भरून घेतला आणि परत आला. त्याला आपल्यावर कुणी दया करावी असंही वाटायचं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटायची.

पौष सरता सरता मालनने अन्न सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच असू द्या. त्या दिवशी सकाळी ऊन पलंगावर आलं होतं, सुचित्रा आत उशीचे अभ्रे बदलत होती. मालनने डोळे उघडले आणि कित्येक आठवड्यांनी स्वतःहून जयवंतकडे बोट केलं, जवळ या म्हणून. तो पलंगाच्या कडेला बसला. तिने त्याचा हात धरला नाही, पण त्याने तिचा धरला तेव्हा काढूनही घेतला नाही. आवाज इतका बारीक झाला होता की त्याला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"माझी राख गावाक न्हेवा. सगळी. थोडी हय, थोडी थय, असां करू नकात. सगळी येका जाग्यार."

"व्हय," तो म्हणाला.

"आता तरी इसरू नकात."

"नाय गो. इसारूचंय नाय."

तिने थोडा वेळ त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, आता काही बोलेल, काही मऊ, चाळीस वर्षांच्या शेवटी बोलायचं असतं तसं काही. पण तिने मान आतल्या खोलीकडे वळवली, सुचित्राला हाक मारली, आणि ती आल्यावर तिलाही तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा एकदा सांगितलं.